पन्नासांतला एक

शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाला, पहिली चाचणी परीक्षा आटोपली, की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, याला मेन्साची परीक्षा द्यायला लावू का?" विचारणारे बहुधा वडील असतात. ऑफिसमधल्या कुणाच्या तरी मुलाला प्रमाणपत्र मिळालेलं असतं आणि त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर आलेला असतो. आई शेजारीच असते. तिचा प्रश्न निराळा असतो, आणि मुलगा जिना उतरून पुढे गेला की चप्पल घालता घालता ती तो विचारते. "याला मित्र का नाहीत हो?"

मुलांच्या मानसशास्त्रीय चाचण्या घेणं, त्यांच्याशी आणि त्यांच्या आईवडिलांशी बोलणं, हे माझं काम. ठाण्याच्या नौपाड्यात गोखले रोडच्या मागच्या बाजूला एका जुन्या इमारतीत माझी खोली आहे. दोन्ही प्रश्न मी मनापासून ऐकते. पण इतक्या वर्षांत माझं मत असं झालं आहे की आधी आईच्या प्रश्नाच्या मागे लागावं. वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर त्या वाटेवरच सापडतं.

मेन्सा म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. बऱ्याच घरांत ती ऑलिम्पियाडसारखी स्पर्धा वाटते, काहींना शिष्यवृत्ती वाटते. ती सभासदांची संस्था आहे. रोलंड बेरिल हे बॅरिस्टर आणि लान्सलॉट वेअर हे विज्ञान व कायदा दोन्ही शिकलेले गृहस्थ, या दोघांनी १ ऑक्टोबर १९४६ रोजी इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला ती सुरू केली. प्रवेशाची अट एकच. मान्यताप्राप्त बुद्धिमापन चाचणीत वरच्या दोन टक्क्यांत यायचं. पदवी, पैसा, धर्म, देश, घराणं काही विचारायचं नाही. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं असताना कुणाला असा विचार सुचावा, याचं मला आजही कौतुक वाटतं. आज जगभर तिचे साधारण दीड लाख सभासद आहेत आणि भारतातही तिची शाखा आहे. माणसाची बुद्धी ओळखून ती मानवजातीच्या भल्यासाठी जोपासावी, बुद्धीविषयीच्या संशोधनाला हातभार लावावा आणि सभासदांना बौद्धिक सोबत मिळावी, हे तिचे जाहीर उद्देश. आणि गंमत म्हणून नव्हे, पालकांनी लक्षात ठेवावं म्हणून सांगते: संस्थापक वेअर यांनीच उतारवयात खंत बोलून दाखवली होती की सभासदांचा फार वेळ कोडी सोडवण्यात जातो.

आता हे वरचे दोन टक्के नौपाड्याच्या हिशेबात मांडून पाहू. दोन टक्के म्हणजे पन्नासांत एक. आपल्याकडे एका तुकडीचा पट पन्नास-साठचा असतो, म्हणजे सरासरीने दर तुकडीला असं एक मूल येतं. दोन हजार मुलांच्या शाळेत अशी चाळीस मुलं निघतील. आमच्या भागात तर अभ्यासाला आणि वाचनाला घरून जोर जास्त, मराठी ग्रंथसंग्रहालय ठाण्यात १८९३ पासून उभं आहे, तेव्हा आकडा चाळीसच्या वरच जाईल, खाली नाही. म्हणजे ज्या सोबतीसाठी वडील पुण्या-मुंबईच्या परीक्षा केंद्राची चौकशी करत असतात, ती सोबत त्याच शाळेत, दोन वर्ग सोडून, मधल्या सुट्टीत एकटी डबा खात बसलेली असते. एक सातवी 'अ'मध्ये, एक सातवी 'ड'मध्ये, एक आठवीत. त्यांची गाठ कुणी घालून दिलेली नसते, कारण आपल्या शाळा मुलांना वयाने आणि तुकडीने वेगळं करतात आणि शिक्षकांच्या अंगावर इतकी कामं असतात की हे जुळवून आणायला त्यांना सवड मिळत नाही.

आकड्यांची भुरळ फार वाईट. २०१७ मध्ये इंग्लंडमध्ये राहणाऱ्या, मूळच्या महाराष्ट्रातल्या कुटुंबातल्या एका बारा वर्षांच्या मुलीची बातमी आपल्या सगळ्या वर्तमानपत्रांत आली होती. मेन्साच्या चाचणीत १६२ गुण, आइन्स्टाइन आणि हॉकिंग यांच्याहून दोन जास्त! त्या मुलीचं यश खरंच मोठं होतं. पण बातमीतली तुलना पोकळ होती. आइन्स्टाइन यांनी अशी चाचणी दिल्याची कुठेही नोंद नाही. आणि १६२ हा आकडा कॅटेल नावाच्या चाचणीचा आहे. तिथे मोजपट्टीच निराळी असते. मेन्साच्या प्रवेशासाठी कॅटेलवर १४८ लागतात, तर वेक्स्लर या दुसऱ्या चाचणीच्या पट्टीवर १३० पुरतात, आणि दोन्हींचा अर्थ एकच, वरचे दोन टक्के. कॅटेलवरचे १६२ हे वेक्स्लरच्या पट्टीवर जेमतेम १३९ भरतात. शिवाय तिथे लहान मुलांसाठी १६२ हीच शेवटची पायरी होती. हे न सांगता आकडा छापला की घरोघरी मुलांना आरशासमोर उभं केलं जातं. "तुझा किती?"

माझ्या खोलीत चाचणी कशी चालते ते एकदा जवळून दाखवते. मुलाची ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

पाचवीतला मुलगा. शाळेची तक्रार होती की वही अपुरी, अक्षर वाईट, वाचताना ओळी गाळतो, डोकं आहे पण लक्ष नाही. घरी लेगो आणि जुन्या मिक्सरचे भाग. लाल-पांढऱ्या ठोकळ्यांची एक चाचणी असते. समोरच्या चित्रात दिसतो तसा नमुना ठोकळे जुळवून करायचा, माझ्या हातात घड्याळ. बहुतेक मुलं लगेच एक ठोकळा उचलतात, फिरवून बघतात, चुकलं की बदलतात. याने हात लावला नाही. मान थोडी तिरकी केली, चित्राकडे बघत राहिला. मग दोन्ही हातांनी, मध्ये न थांबता, नऊ ठोकळे मांडून मोकळा. मी वेळ लिहून घेत होते तेवढ्यात म्हणाला, "याचा उलटा करून दाखवू?" आणि जिथे लाल तिथे पांढरा, जिथे पांढरा तिथे लाल, असा तोच नमुना त्याने पुन्हा मांडला. हे चाचणीत कुठेही नव्हतं.

मग मी वाचायला उतारा दिला. तिसरीच्या पातळीचा. ओळीखाली बोट धरलं, आणि रफार आला की गाडी अडली. 'कार्य' आणि 'क्रय' त्याला सारखेच. जोडाक्षर दिसलं की अंदाजाने शब्द ठोकून द्यायचा. पाच ओळींत कपाळावर घाम.

या मुलाची एकूण बेरीज वरच्या दोन टक्क्यांत बसत नव्हती. मेन्साची सामूहिक चाचणी एक आकडा देते आणि त्या आकड्यावर आत की बाहेर ते ठरतं, तिचं कामच तेवढं आहे. त्याचा निकाल 'निवड नाही' असा आला असता, तर घरच्यांनी ठोकळे विसरून अक्षर सुधारायचा क्लास लावला असता. आम्हाला बेरजेपेक्षा तिच्या पोटातली दरी महत्त्वाची वाटली. वाचनाच्या अडचणीची रीतसर तपासणी झाली. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत जादा वेळ आणि इतर सवलती देण्याची व्यवस्था महाराष्ट्रात बऱ्याच वर्षांपासून आहे, ती त्याला मिळाली. आणि त्यांच्याच सोसायटीतले एक निवृत्त ड्राफ्ट्समन आजोबा त्याला रविवारी यंत्रांच्या भागांची तिन्ही बाजूंची चित्रं काढायला शिकवू लागले. त्या आजोबांइतकं मोठं काम माझ्या अहवालानेही केलेलं नाही.

बुद्धिमापनाचा जन्मच मुळी मदतीसाठी झाला. पॅरिसमध्ये १९०५ साली आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी पहिली चाचणी रचली ती शाळेत मागे पडणारी, वेगळ्या शिकवण्याची गरज असलेली मुलं ओळखता यावीत म्हणून. आपल्याकडे धारवाडच्या डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी तीच पद्धत मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली. १९३४ मध्ये त्यांचा निबंध आला, १९४० मध्ये पुस्तक. कामतांची चाचणी पुढे देशभर वापरली गेली. पुढे नागपूरला डॉ. मालिन यांनी वेक्स्लरच्या चाचणीचं भारतीय मुलांसाठी रूप तयार केलं. म्हणजे आपल्या भाषेतल्या मुलाला आपल्या भाषेत मापायचं काम नव्वद वर्षांपूर्वीच सुरू झालं होतं. आज मात्र नौपाड्यातल्या मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजी सूचनांची चाचणी देऊन 'सरासरी' ठरवलेलं मी पाहिलं आहे. त्याचा राग येतो.

आपल्याकडे शिष्यवृत्ती परीक्षेत बुद्धिमत्ता चाचणीचा पेपर असतो, त्याचे क्लास असतात, गाइडं असतात, सुट्टीत सराव असतो. आकृत्यांच्या मालिका शंभरदा सोडवल्या की गुण वाढतात, हे सगळ्यांना माहीत आहे. वाढते ती त्या प्रकारच्या प्रश्नांची सवय. हाच सराव मेन्सासाठी करून घेतला, तर मुलाला सभासदत्व मिळेलही, पण त्या आकड्यावरून त्याच्याबद्दल काही कळेनासं होतं. शिवाय कुठल्याही चाचणीत चार-पाच गुणांचा फरक इकडेतिकडे होतो, हे गृहीतच धरलेलं असतं. मंगळवारी १२८ आलेल्या मुलाला शुक्रवारी १३१ येऊ शकतात. त्या तीन गुणांवर घरात पेढे वाटायचे की सुतक पाळायचं?

आणि पेढे वाटल्यावरचाही एक धोका आहे. क्लॉडिया म्युलर आणि कॅरॉल ड्वेक यांनी १९९८ मध्ये पाचवीतल्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. मुलांना आकृत्यांची कोडी दिली, रेव्हन यांच्या चाचणीतल्यासारखी, म्हणजे मेन्साच्या धाटणीचीच. मग काही मुलांना सांगितलं, तू हुशार आहेस. काहींना सांगितलं, तू मेहनत घेतलीस. पुढे निवड करायला दिल्यावर हुशार म्हटलेल्या मुलांनी जास्त करून सोपी, हमखास जमणारी कोडी मागितली. अवघड कोडी देऊन अपयश आल्यावर त्यांचा रस गेला, नंतरची कामगिरीही घसरली, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी आपले गुण दुसऱ्यांना सांगताना वाढवून सांगितले. प्रमाणपत्राची फ्रेम दिवाणखान्यात लावायच्या आधी हा प्रयोग आठवावा, एवढीच माझी विनंती. घरात आलेला प्रत्येक पाहुणा त्या फ्रेमखाली उभा राहून तेच वाक्य म्हणणार आहे.

उलट बाजूची भीतीही खोटी आहे. "हुशार मुलं मनाने नाजूक असतात ना?" असं विचारणाऱ्या आया येतात. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या मेन्साच्या ३,७१५ सभासदांची पाहणी झाली होती, तीत चिंता आणि नैराश्याचं प्रमाण जास्त दिसलं, आणि ती बातमी जगभर फिरली. पण ती माणसं स्वतःहून एका संस्थेत आलेली होती. पुढे ब्रिटनमधल्या मोठ्या, सर्वसाधारण लोकांच्या माहितीवरून तपासलं तेव्हा उच्च बुद्धिमत्तेच्या लोकांत मानसिक आजार जास्त असल्याचं दिसलं नाही. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली, तेव्हापासून मनाच्या प्रश्नांबद्दल आपल्या गावात मोकळेपणाने बोललं जातं. हुशार मूल दुःखी दिसत असेल तर 'हुशार मुलं अशीच असतात' म्हणून गप्प बसू नये. त्याच्याशी बोलावं, गरज वाटली तर तज्ज्ञांकडे न्यावं.

मग सोबतीचं काय? अमेरिकेत लुइस टर्मन यांनी १९२१ पासून दीड हजारांहून जास्त उच्च बुद्ध्यांकाची मुलं निवडून त्यांचा आयुष्यभर पाठपुरावा केला. बरीचशी चांगलं शिकली, चांगली स्थिरावली. पण त्या चाळणीतून गळलेल्या दोन मुलांना, विल्यम शॉकली आणि लुइस अल्वारेझ यांना, पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निवडलेल्यांत एकालाही नाही. आमच्या व्यवसायात ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते. मला मात्र त्याच काळातल्या लीटा हॉलिंगवर्थ जास्त जवळच्या वाटतात. न्यूयॉर्कच्या शाळांत त्यांनी फार उच्च बुद्धीची मुलं घेऊन वर्ग चालवले, त्यांच्याबरोबर बसल्या. त्यांचं निरीक्षण असं होतं की बऱ्यापैकी हुशार मूल वर्गात सहज मिसळतं, पण बुद्धी जसजशी दुर्मीळ होत जाते तसतसं मुलाला बोलायला माणूस मिळत नाही, त्याच्या खेळाचे नियम बाकीच्यांना कळत नाहीत, आणि ते एकटं पडतं. बरोबरीची मुलं भेटली की हा एकटेपणा ओसरतो. त्यांचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १९४२ मध्ये आलं.

म्हणून मेन्साला मी सरसकट नाही म्हणत नाही. जिथे सोबत नाहीच, तिथे सोबत शोधून देणारी कुठलीही संस्था उपयोगाची. ठाणे स्टेशनवरून कसारा लोकल पकडली की तासा-सव्वा तासात आसनगाव येतं. तिथून आत शहापूरच्या पाड्यांवर वीस-पंचवीस पटाच्या शाळा आहेत. पन्नासांतला एक हा हिशेब तिथे केला, तर अख्ख्या शाळेत असं मूल एखादंच असेल किंवा नसेलही. असलं तरी ते कुणाला कळणार नाही, कारण मास्तर एक, वर्ग चार, आणि मूल घरी वारली बोलणारं. अशा मुलाला चाचणीने खरंच काहीतरी मिळतं. मेन्सा इंडियाने पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीच्या साथीने महाराष्ट्राच्या आदिवासी भागांतल्या शाळांत जाऊन चाचण्या घेतल्या, त्यातून पुढे आलेल्या मुलांसाठी कार्यक्रम आखले, त्याला ट्रायबल मेन्सा म्हणतात. दिल्लीत वंचित वस्त्यांतल्या मुलांसाठी ध्रुव नावाचा असाच उपक्रम सुरू झाला. शब्दांवर फारसं न अडणारी आकृत्यांची चाचणी या मुलांपर्यंत गेली की ती बिने यांच्या मूळ हेतूकडे परत जाते. मेन्साने आजवर केलेलं सगळ्यात चांगलं काम कोणतं असं विचारलं, तर मी याच कामाकडे बोट दाखवीन.

प्रबोधिनीचं नाव आलं आहे तर दोन वाक्यं जास्त. डॉ. वि. वि. तथा अप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ती स्थापन केली. १९६९ मध्ये मुलांची प्रशाला, १९७५ मध्ये मुलींची. तिथेही चाचणी घेऊनच प्रवेश देतात, आणि त्यासाठी मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड यांच्या सिद्धांतावर आधारलेल्या, बुद्धीचे अनेक पैलू तपासणाऱ्या चाचण्या डॉ. उषा खिरे यांनी आणि सहकाऱ्यांनी मराठीत घडवल्या. पण निवड झाली की मुलाला विचारलं जातं, आता या बुद्धीचं तू लोकांसाठी काय करणार? शेतावर, खेड्यात, प्रकल्पावर काम लावलं जातं. तिथली सगळी मुलं सुखी होतात असा माझा दावा नाही. निवडक मुलांच्या शाळेत गेल्यावर पहिला येणारा मुलगा पंचविसावा होतो आणि स्वतःला कमी समजू लागतो, हे हर्बर्ट मार्श यांनी संशोधनातून दाखवलं आहे, मी डोळ्यांनीही पाहिलं आहे. पण निवडीनंतर काम आहे, हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

आमच्या ठाण्यात काम कुठे आहे, हे पालकांना सांगताना माझी यादी तयार असते. डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत प्रात्यक्षिक आणि कृती-संशोधनाचा प्रकल्प असतो, त्यासाठी मुलाला घराबाहेर पडून माहिती जमवावी लागते. बाल विज्ञान परिषदेत मुलं गट करून स्थानिक प्रश्नावर प्रकल्प करतात आणि ठाण्याच्या जिज्ञासा ट्रस्टने त्यासाठी वर्षानुवर्षं खपून काम केलं आहे. गणितात खरी ओढ असेल तर ऑलिम्पियाड आहे. त्याचं राष्ट्रीय केंद्र मानखुर्दला, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात, म्हणजे आपल्याला तासाभराच्या अंतरावर. प्रा. श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या भास्कराचार्य प्रतिष्ठानची ऑलिम्पियाडच्या शिकवणीची परंपरा मोठी. मुंबईतली एक मुलगी सातवीत शाळा सोडून घरी शिकली, दहावी-बारावी न देता संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये तीनदा पदकं मिळवून २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत गेली. सगळ्यांनी शाळा सोडावी असं मी कधीच म्हणणार नाही. पण तिला पुढे नेलं ते सुटता न सुटणाऱ्या प्रश्नांनी आणि ते शिकवायला वेळ देणाऱ्या प्राध्यापकांनी, हे पालकांना मी आवर्जून सांगते.

एक गोष्ट मनाला लागते. माझ्याकडे चाचणीसाठी मुलगे जास्त येतात. मुलगी तितकीच चुणचुणीत असली तरी "ती करते तिचं तिचं" असं म्हणून तिला घरी ठेवतात. मुलगी कंटाळली तर वर्गात दंगा करत नाही, पुस्तक उघडून खिडकीबाहेर बघत बसते, म्हणून ती कुणाला दिसत नाही. भावाला घेऊन याल तेव्हा बहिणीलाही आणा.

परीक्षेबद्दल माझा सल्ला सरळ आहे. मुलाने स्वतः मागितली, सराव न करता द्यायची तयारी असली, आणि निकाल काहीही आला तरी घरातलं बोलणं बदलणार नसेल, तर मेन्साची परीक्षा जरूर द्यावी. सभासद झालात तर तिथल्या ज्या कार्यक्रमात प्रत्यक्ष मुलं भेटतात त्याला पाठवा, आणि मूल मोठं झालं की पाड्यावरच्या मुलांसाठी चाललेल्या कामात त्याला मदतीला धाडा. शाळेत मूल कंटाळतंय, वाचायला अडतंय, मागे पडतंय असं असेल, तर प्रवेश परीक्षेच्या ऐवजी सगळे पैलू दाखवणारी सविस्तर चाचणी करून घ्या. आणि मुलाला मित्र नाही ही चिंता असेल, तर आधी शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटा आणि विचारा की वरच्या-खालच्या वर्गांत असंच प्रश्न विचारत फिरणारं आणखी कोण आहे.

शेवटचं मागणं पालकांकडे नाही. नौपाडा, विष्णुनगर, घंटाळी, चरई या भागांत बीएआरसीतून, रेल्वेतून, कारखान्यांतून, कॉलेजांतून निवृत्त झालेली शेकडो माणसं राहतात. ज्यांच्या हातात विद्या आहे आणि शनिवारची संध्याकाळ मोकळी आहे, अशांनी जवळच्या शाळेत जाऊन चार-पाच मुलं मागावीत. वेगवेगळ्या तुकड्यांतली, त्यांत निम्म्या मुली. त्यांना एकत्र बसवून असे प्रश्न द्यावेत, जे त्या दिवशी सुटणार नाहीत. वर्गखोली द्यायला शाळा नकार देत नाहीत. फक्त कुणीतरी जाऊन विचारायला हवं.